न दुखणारं दुखणं

माझ्या बाबाला शिंगी डसत नाही, असं आमच्या कारध्यात सगळे म्हणायचे. शिंगी हा बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, चिखलात राहणारा काळा, मिशाळ मासा. त्याच्या दोन्ही गालांमागे एकेक काटा असतो. तो काटा बोटात गेला की हात कोपरापर्यंत ठणकतो; चांगले धडधाकट बाप्ये गरम पाण्याच्या भगोन्यात हात बुडवून बायकोवर खेकसत बसतात. बाबा मात्र टोपल्यात सरळ उजवा हात घालायचा आणि मूठभर शिंग्या उचलून मायच्या पाटीत टाकायचा. कधी करंगळीच्या कडेनं रक्त यायचं. तो लुंगीला हात पुसायचा आणि पुढच्या माशाकडे वळायचा. बोडीवर जमलेले लोक विचारायचे, "सदाराम, कोन्ता मंतर येते गा तुले?" बाबा मिशीत हसायचा. "मंतर नाई गा. तिची अन् माही दोस्ती हाये." ही विद्या त्याला जन्मापासून नव्हती, तीनचार वर्षांतच आली होती, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. मी तर शाळेत मैत्रिणींना सांगत सुटायचे. आमच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि मला त्या हाताचा फार अभिमान होता.

आमचं घर पुलाच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठाशी होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू, अंगणात बाभळीला टांगलेलं फेकजाळं. वारा आला की जाळ्याच्या काठाला ओवलेले शिशाचे मणी एकमेकांवर आपटायचे आणि बारीक किणकिण व्हायची. वरून पुलावरून एसटी गेली की घरातल्या ताटल्या थरथरायच्या. सकाळी रात्रीचा भात पाण्यात कालवून, निखाऱ्यावर परतलेले सुके झिंगे आणि मिरची तोंडी लावून आम्ही जेवायचो. माय पाटी डोक्यावर घेऊन पूल ओलांडून भंडाऱ्याच्या बाजारात जायची. ती येईपर्यंत माझी मोठी बहीण, कमलताई, लाखोरीची डाळ शिजवून ठेवायची, आणि उरलेसुरले मासे आले की त्यांचा जवस आणि चिंच वाटून रस्सा व्हायचा. तो वास अजून माझ्या नाकात आहे. आता मी भंडाऱ्यात राहते, माझं शिवणकामाचं दुकान सुनेनं सांभाळायला घेतलं, आणि मी तोच रस्सा मिक्सरमध्ये वाटून करते. तसा होत नाही. नातवंडं मात्र ताट चाटूनपुसून खातात, तेव्हा खोट माझ्याच जिभेत असावी.

आजारपण आमच्या घरी नवं नव्हतं. धानाच्या बांधीत पाणी साचलं की डास व्हायचे आणि कुणाला ना कुणाला हिवताप यायचा. एका दिवसाआड हुडहुडी भरायची, गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे, मग घाम फुटायचा. त्यावर दवाखान्यातल्या कडू गोळ्या. हगवण लागली की माय पाणी उकळून त्यात मीठ-साखर घालायची आणि एकेक घोट पाजत बसायची. आम्हा पोरांना खरूज झाली तेव्हा घरातले सगळे कपडे उकळले होते आणि सगळ्यांना एकदमच मलम चोळलं होतं, बाबालासुद्धा. या सगळ्यात एक गोष्ट सारखी होती. अंग तापायचं, पोट मुरडायचं, खाज सुटायची. आजाराला आम्ही म्हणतच होतो दुखणं. जे दुखत नाही ते दुखणं कसं असेल, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडायचं कारणच नव्हतं.

बाबाच्या उजव्या खांद्याखाली, दंडाच्या मागच्या बाजूला, तांबूस फिकट असा एक चट्टा होता. तसाच एक पाठीवर. मायला ते गजकर्ण वाटायचं. ती आंघोळीनंतर करंजीचं तेल लावून द्यायची. "खाजवते का?" ती विचारायची. "नाई." "जळजळ होते का?" "काईच होत नाई." मग दोघंही निश्चिंत व्हायची.

मी सातवीत असेन. शाळेत एक दिवस दवाखान्यातून एक माणूस आला. तो सायकलवर यायचा, म्हणून पुढे आमच्या घरात त्याचं नावच सायकलवाले भाऊ पडलं. त्यानं आम्हाला वर्गात ओळीनं उभं केलं, हात पाहिले, पाठी पाहिल्या. मग खुर्चीवर बसून सांगायला लागला. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल, आणि त्यावर हात फिरवलेला कळत नसेल, तर त्याला कुष्ठरोग म्हणतात. तो कुणाच्या पापानं होत नाही, जंतूनं होतो. त्याला गोळ्या आहेत आणि गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. मात्र उशीर केला तर बोटांची ताकद जाते, आणि भाजलं, कापलं तरी कळत नाही. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत हसत होती. मी हसत नव्हते. 'कापलं तरी कळत नाही' हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर मायची पाटी आली, त्यातल्या काळ्या शिंग्या आल्या, आणि लुंगीला पुसलेलं ते रक्त आलं.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात पाय पसरून जाळं सांधत बसला होता. उघडाच होता, उन्हाकडे पाठ करून. जाळ्यात बगळ्याचं एक पीस अडकलं होतं ते मी काढून घेतलं.

"बाबा, डोळे मिट. खेळ हाये."

"माह्या हातात काम हाये ना वं."

"थोडासाच. मी पीस लावतो, तू कुटी लागला ते सांग."

आमच्याकडे पोरीही 'लावतो', 'जातो' असंच बोलतात. बाबानं डोळे मिटले. मी मानेला पीस लावलं. "मानीले." डाव्या हाताला लावलं. "डाव्या हाताले." पोटाला लावलं तेव्हा त्याला गुदगुल्या झाल्या आणि तो हसला. मग मी ते पीस दंडावरच्या चट्ट्यावर टेकवलं. हळूच फिरवलं. मग दाबून फिरवलं. बाबा डोळे मिटून, चेहऱ्यावर ते हसू तसंच ठेवून बसून होता.

"लाव ना," तो म्हणाला. "थांबून काहून राहिली?"

माय रांजणापाशी भांडी घासत होती. तिनं मान वर करून पाहिलं. पीस कुठे आहे ते तिला दिसत होतं. तिच्या हातातली राख तशीच राहिली.

मायच्या माहेरी, लाखांदूरकडे, तिचा एक चुलता होता. त्याला हा आजार झाला तेव्हा गावानं त्याला तलावाच्या पलीकडे झोपडी बांधून दिली होती. लहानपणी माय त्याचं जेवण घेऊन जायची. दगडावर ताट ठेवायचं आणि मागे वळून न बघता परत यायचं, असं तिला सांगितलेलं होतं. तो तिला नावानं हाक मारायचा आणि तिनं वळायचं नसायचं. हे तिनं आम्हाला त्या दिवसापर्यंत कधी सांगितलं नव्हतं. त्या आजाराचं नावही ती घेत नसे, 'मोठा रोग' म्हणायची. आणि त्याच दिवसांत कमलताईची बोलणी आंधळगावच्या एका घरी चालली होती. त्या घरचे हरबाजी गावच्या तलावात मासेमारी करायचे, त्यांचा मुलगा मेहनती होता, तारीख तेवढी धरायची बाकी होती.

"उन्हाळा होऊ द्या," माय म्हणाली. "पोरीचं लगन होऊ द्या. मंग काय ते दवाखाना पाहू. आता कोनाले कळला तर ते लोक आपल्या दाराशी पानी पेतीन का?"

मी सायकलवाल्या भाऊंचं सांगितलं, उशीर केला की बोटं जातात. बाबा उजव्या हाताची बोटं पुन्हापुन्हा उघडून मिटून बघत होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नीट मिटत नव्हतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. बोलली ती कमलताई. ती फारशी बोलायची नाही, म्हणून ती बोलली की घर ऐकायचं.

"लगन पुढच्या वर्सी होईल. नाई तर तिसऱ्या वर्सी होईल. बाबाचा हात गेला तर तो कोन्त्या वर्सी येते, सांग माय."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच पूल ओलांडून गेलो. दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बाबाचे चट्टे कापसानं तपासले, कोपरामागची शीर बोटांनी चाचपली, कानाच्या पाळ्या पाहिल्या. दोन बोटांत कागद धरायला सांगितला आणि हळूच ओढला. डाव्या हातातून तो निघेना, उजव्यातून सरकन निघाला. बाबा त्या कागदाकडे असा पाहत राहिला की जणू मोठी मरळ जाळं फाडून गेली. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन तपासणीसाठी नमुना घेतला. मग आम्हा तिघींनाही आत बोलावून अंग तपासलं. आम्हाला काही नव्हतं.

"हा जंतू माणसाच्या शिरांमध्ये राहतो," बाई म्हणाल्या. "शिरा मारतो, म्हणून दुखत नाही. जंतू मारायच्या गोळ्या आम्ही देतो. महिन्याची मोठी मात्रा इथे आमच्यासमोर घ्यायची, बाकीच्या रोज घरी. वर्षाच्या वर चालेल. मध्ये सोडायचं नाही. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून दुसऱ्याला होण्याची भीती लवकरच संपते."

बाबानं एकच विचारलं. "बाई, माह्या हातचा मासा लोकानं खावा का नाई?"

"मासा खाऊन हा आजार कुणालाच होत नाही. हात मात्र सांभाळा. शिंगी आता फडक्यानं धरायची."

बाबाचा चेहरा उतरला. मला वाटतं, त्या सगळ्या बोलण्यात त्याला सर्वांत जास्त लागलं ते हेच. ज्या गोष्टीसाठी गाव त्याला ओळखायचं, ती गोष्ट म्हणजे आजार होता.

पहिली मात्रा घेऊन आलो त्या दिवशी संध्याकाळी बाबा नदीकडे जाऊन धावतच परत आला. लघवी लाल झाली होती. बाईंनी आधीच सांगितलं होतं, औषधाचा रंग आहे, घाबरायचं नाही, पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. हळूहळू त्याचा रंगही बदलू लागला. आधीच सावळा, त्यात त्या गोळ्यांनी तो तव्यासारखा काळा पडला. कुणी विचारलं की म्हणायचा, "उन्हात असतो ना दिवसभर." गोळ्यांचं पाकीट माय तांदळाच्या कोठीमागे ठेवायची. आणि माझ्याकडे एक काम आलं. दिवस मावळायच्या आत बाबा अंगणात पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसायचा, मग हाताला तेल लावायचा, आणि मी त्याची बोटं एकेक करून उलटीसुलटी तपासायचे. कुठे कापलं आहे का, फोड आला आहे का, काटा रुतला आहे का. त्याला कळत नव्हतं म्हणून माझ्या डोळ्यांनी बघायचं. माझ्या बापाच्या हाताच्या रेषा मला जितक्या पाठ आहेत तितक्या माझ्या स्वतःच्या नाहीत. मी हात धरला की तो दिवसभरातल्या गोष्टी सांगायचा. एरवी तो पोरींशी इतकं बोलणारा माणूस नव्हता.

थंडी सरता सरता मात्र उलटंच झालं. पाठीवरचे चट्टे लाल होऊन सुजले. कोपरात असा ठणका उठला की ज्याला शिंगी डसत नव्हती तो माणूस दात खाऊन कण्हायला लागला. उजवी करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं. जाळ्याची दोरी हातात राहीना.

"गोळ्यायनंच केला हे," माय रडत म्हणाली. "आधी दुखत नोयता, आता दुखून राहिला. हे कोन्तं औषद हाये?" लाखांदूरकडे मुळी देणारा एक जण तिला माहीत होता. एसटीनं जाऊन यायचं तिनं ठरवलंही. बाबानं सकाळची गोळी हातात घेतली आणि तशीच परत पाकिटाशेजारी ठेवली. "बस झाला आता," तो म्हणाला.

सायकलवाले भाऊ गोळ्यांची चौकशी करायला घरी यायचे, त्यांनी सांगून ठेवलं होतं, एकदम दुखायला लागलं, सूज आली, तर त्याच दिवशी दवाखान्यात यायचं आणि गोळी थांबवायची नाही. मी ते म्हणून दाखवलं तर माय माझ्यावरच ओरडली. शेवटी कमलताईनं बाबाच्या खांद्यावर दुपट्टा टाकला आणि म्हणाली, "मुळी घ्याले उद्या जा. आज पुलापलीकडे तर जाऊन येऊ." मायही मागोमाग निघाली, बाईंशी भांडायलाच.

डॉक्टरीणबाईंनी तिला भांडू दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग तिचाच हात धरून बाबाच्या कोपरामागच्या सुजलेल्या शिरेवर ठेवला. "आत जंतू मरतायत. मेलेल्या जंतूंशी शरीर भांडतंय, त्याची ही सूज आहे. हे गोळ्यांनी बिघडलेलं नाही. पण ही सूज लवकर उतरवली नाही तर शीर दबून मरेल. त्यासाठी वेगळं औषध देते. आधीच्या गोळ्याही चालू ठेवायच्या. आज आलात म्हणून हात वाचेल." हाताला खपची बांधून दिली, बोटांचे व्यायाम दाखवले. माय परत येताना पुलावर थांबली, कठड्याला धरून नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माह्या काकाले कोनी आनलाच नाई असा." एवढंच. मुळीचं नाव तिनं परत काढलं नाही.

ठणका काही दिवसांत उतरला. बोटं सरळ व्हायला बरेच महिने लागले. पण त्याआधी, हाताला खपची असतानाच, आंधळगावचे हरबाजी आणि त्यांचा भाऊ तारीख धरायला आले. मायनं पोहे केले. बाबा दुपट्ट्याखाली हात ठेवून बसला. हरबाजींची नजर गेलीच.

"हाताले काय झाला, सदारामभाऊ?"

"डोंग्यातून पडले," माय दारातून पटकन म्हणाली.

बाबानं दुपट्टा बाजूला केला. "नाई, पडलो नाई. तुमच्यापासून लपवून पोरगी देनार नाई, भाऊ. मले कुष्ठरोग झाला. गोळ्या चालू हायेत. माह्या पोरीयले काई नाई, दवाखान्यातल्या बाईनं तपासून घेतल्या. तुमाले पटत असन तर तारीख धरा, नसन पटत तर आमचा राग नाई."

ते नाव आमच्या घरात मोठ्यानं पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. कमलताई आत चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली. हरबाजींनी अर्धी खाल्लेली पोह्यांची ताटली हळूच जमिनीवर सरकवली. "बरं," ते म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "बरं." आणि दोघे उठून गेले.

पुढचे दिवस वाईट होते. बातमी एसटीच्या आधी पोचली. बाजारात मायची पाटी भरलेली राहू लागली. रोजची गिऱ्हाइकं शेजारच्या पाटीशी थांबायची आणि आमच्याकडे बघायची नाहीत. मला वाटलं होतं माय खचून जाईल. पण लपवायचं काही उरलं नाही म्हणून असेल, की आणखी कशानं असेल, ती उलट ताठ झाली. एक बाई मासे हातात घेऊन परत ठेवायला लागली तेव्हा माय भर बाजारात म्हणाली, "ठेवून काहून राहिली वो बाई? माशाले नाई झाला रोग. माह्या नवऱ्याले झाला, अन् तो गोळ्या खाते." ती बाई गोंधळली, मग हसली, आणि मासे घेऊन गेली. रोज एकदोघी अशा निघायच्या. तेवढ्यावर आमचं भागलं.

आजकाल आमच्या दारावर आशाताई येते, "आजी, अंगावर चट्टा-बिट्टा नाही ना?" विचारते. शेजारपाजारची माणसं उन्हातच बाह्या वर करून दाखवतात. तरीही नाव घेताना आवाज खाली जातो, हे मी बघते. म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं घेते.

आंधळगावहून काहीच निरोप नव्हता. ताईनं त्याचा विषय काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही. मग एका दुपारी हरबाजी एकटेच आले. सायकल बाभळीला टेकवली. बाबा डोंग्याच्या फटी बुजवत होता. राम-राम झाला. हरबाजी बराच वेळ धानाचं, तलावातल्या पाण्याचं बोलत राहिले. मग आजूबाजूला पाहिलं, सदऱ्याची बटणं सोडली आणि पाठ वळवून उभे राहिले.

"पाहा बरं," ते म्हणाले. "तुमाले होता तो असाच होता का?"

कमरेच्या वर, हाताच्या पंजाएवढा चट्टा होता. फिकट, कडा तांबूस. बाबा उठून जवळ गेला. काही न विचारता त्यानं त्यावर आपला हात ठेवला.

"किती दिसापासून हाये?"

"लय झाले. घरवाली म्हने, नायटा हाये. दुखत नाई, म्हनून मी ध्यान देल्लो नाई. तुमच्याकडून गेल्यापासून झोप नाई आली, भाऊ. रोज हात लावून पाहतो. कोनाले सांगू?"

बाबानं हात तसाच ठेवून मायकडे पाहिलं. माय दारात उभी होती. तिनं पदर खोचला आणि अंगणात आली.

"दुखत नाई ना?" ती म्हणाली. "मंग उशीर नका करू. दुखत असता तर थांबले असते तरी चालला असता. आता दोन घास भात खा अन् यायच्यासंग पुलापलीकडे जा. बाई चांगली हाये. लघवी लाल होते, घाबरू नका. अंग काळं पडते, ते मागून उतरते. मधात सोडाचं नाई." एवढं बोलून तिनं आमच्याच ताटांतलं एक ताट घेतलं आणि त्यांना वाढलं.

हरबाजींनी मान खाली घालून भात कालवला. एक घास खाल्ला आणि म्हणाले, "त्या दिवशी पोहे तसेच ठेवून गेलतो मी."

"मी कोंबड्यायले टाकले," माय म्हणाली. "वाया नाई गेले." मग तेच आधी हसले.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात आंधळगावी झालं. बाबाच्या गोळ्या तेव्हा संपत आल्या होत्या, हात पुन्हा जाळं फेकू लागला होता. करंगळी तेवढी शेवटपर्यंत थोडी वाकलेली राहिली. हरबाजींच्या गोळ्या मध्यावर होत्या. मांडवात दोघे व्याही शेजारी बसले होते, दोघेही सारखेच काळेभोर. पंगत बसली होती, भात वाढून झाला होता, तेवढ्यात त्यांच्याकडच्या एका म्हाताऱ्यानं थट्टेनं विचारलं, "काहून गा हरबा, दोघं व्याही एकाच भट्टीतून निघाले का?"

हरबाजींनी हातातला घास खाली ठेवला. "गोळ्या चालू हायेत," ते चांगले मोठ्यानं म्हणाले. "कुष्ठरोगाच्या. यायच्या सरून राहिल्या, माह्या अर्ध्या झाल्या. दोघंबी बरे होऊन राहिलो."

वाढणारे हातात बादली घेऊन जागच्या जागी थांबले. मी कमलताईकडे पाहिलं. मुंडावळ्यांच्या आडून ती सरळ समोर बघत होती, मान खाली न घालता. आणि मग मायचा आवाज आला, बाजारातल्यासारखा, मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मंग जेवा ना! भात थंडा होऊन राहिला. वरन आना वो इकडे!"

कुणीतरी हसलं. बादल्या हलल्या. पंगत जेवायला लागली, आणि उठून कुणीच गेलं नाही. हात धुवायला सगळे विहिरीकडे गेले तेव्हा एक माणूस बाबाला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी बोलला. थोड्या वेळानं एक बाई मायजवळ येऊन बसली, तिच्या मुलाचा हात धरून. ती माणसं कोण होती आणि काय म्हणाली, ते माय-बाबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. पण पुढच्या वेळी बाबा आपली महिन्याची मात्रा घ्यायला निघाला, तेव्हा आंधळगावहून आलेली माणसं पुलाच्या तोंडाशी त्याची वाट बघत उभी होती.